माप तेच, आकडे निराळे

प्रश्न (कोथरूडच्या एका निवृत्त शिक्षिकेकडून) : घरी रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणले आहे. काल सकाळी पाच-पाच मिनिटांच्या अंतराने तीनदा मोजले, तर वरचा आकडा 138, 129 आणि 133 असा आला. मुलगा म्हणतो यंत्र बदलून आणू. इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा नातू म्हणतो, “आजी, हा नुसता नॉईज आहे.” पेशींमध्येही नॉईज असतो असे मध्यंतरी वाचले होते. हे सगळे एकच आहे का?

उत्तर : यंत्र बदलण्याची घाई करू नये, आणि नातवाच्या बोलण्यातला ‘नुसता’ हा शब्दही तेवढा सोडून द्यावा. नॉईज म्हणजे गोंगाट, आणि गोंगाट म्हटले की पुणेकरांना लक्ष्मी रस्त्यावरचे हॉर्न आठवतात. पण ज्या चढउतारात पुढचा आकडा नेमका काय येईल हे सांगता येत नाही, त्याला शास्त्रज्ञ नॉईज म्हणतात, मग तो कानाला ऐकू येवो वा न येवो. त्याचे गणित सगळ्या शास्त्रांत बरेचसे सारखे असते. तो कशामुळे होतो आणि त्याचे करायचे काय, हे मात्र जागोजागी बदलते.

आपल्या तीन आकड्यांत दोन गोष्टी मिसळल्या आहेत. पट्टा किंचित सैल बसला, हात हलला, यंत्राच्या हिशेबात थोडे इकडचे तिकडे झाले, ही मापनातली चूक. पण रक्तदाब स्वतःही स्थिर नसतो. तो ठोक्याठोक्याला आणि श्वासागणिक बदलतो, त्यामुळे अगदी निर्दोष यंत्रानेही आपल्याला तीन निराळे आकडे दाखवले असते. वहीत लिहिल्यावर हे दोन्ही चढउतार सारखेच दिसतात, आणि खरी अडचण तीच आहे. सरासरी काढली की दोन्ही दबतात : एकमेकांशी संबंध नसलेली चार मापे घेतली तर अनिश्चितता निम्म्यावर येते, शंभर घेतली तर दहाव्या हिश्शावर. यंत्र मुळातच प्रत्येक वेळी आठने जास्त दाखवत असेल, तर मात्र हजार मापांची सरासरीही आठनेच चुकलेली राहील. म्हणून एकदा यंत्र दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या यंत्राशी ताडून पाहावे.

नातवाच्या शास्त्रातला नॉईज निराळ्या कुळातला. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांना 1827 मध्ये पाण्यात तरंगणाऱ्या परागांतले सूक्ष्म कण सूक्ष्मदर्शकाखाली अखंड थरथरताना दिसले, आणि ही थरथर पाण्याच्या रेणूंच्या धडकांमुळे होते याचे गणित आइन्स्टाइन यांनी 1905 मध्ये मांडले. तारेतले इलेक्ट्रॉनही उष्णतेने असेच चुळबुळत असतात. 1928 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन्सन यांनी तो नॉईज मोजून दाखवला आणि नायक्विस्ट यांनी त्याचे स्पष्टीकरण दिले. तारेत कोणताही दोष नसला तरी तो असतोच, कारण तो तापमानाचाच एक भाग आहे. दुसरा प्रकार घरी बघता येतो. रात्री दिवे घालवून मोबाईलने देवघरातल्या निरांजनाचा फोटो काढावा आणि बोटांनी मोठा करून पाहावा. मागच्या भिंतीवर रवा सांडल्यासारखे ठिपके दिसतील. पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसे प्रकाशकण एकेक करून येतात. शंभर यायचे असतील तर कधी नव्वद येतात, कधी एकशे दहा. दिवसा तेच कण दहा हजार येतात आणि चढउतार साधारण शंभरांचा, म्हणजे एक टक्क्याचा उरतो, म्हणून भिंत गुळगुळीत दिसते. अंधारातल्या फोटोत कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक्सची थोडी भर पडते, ती वेगळी.

जीवशास्त्रातला नॉईज मला सर्वांत रोचक वाटतो, कारण तिथे तो पुसून टाकायला गेलो तर उत्तरच पुसले जाते. जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंना दाद न देणारे जिवाणू कसे निर्माण होतात, विषाणूशी गाठ पडल्यावर की त्याआधीच, हा प्रश्न 1943 मध्ये लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी सोडवला तो सरासरीने नव्हे, विखुरलेपणाने. त्यांनी जिवाणू अनेक वेगवेगळ्या नळ्यांत वाढवले, प्रत्येक नळीतले विषाणू असलेल्या बशीत ओतले आणि किती वाचले ते मोजले. विषाणू भेटल्यावर प्रतिकार निर्माण होत असता, तर सगळ्या बशांतले आकडे जवळपास असते. प्रत्यक्षात बऱ्याच बशांत एकही वाचला नाही आणि एखाद्या बशीत मात्र शंभराच्या वर वाचले. ज्या नळीत योग्य तो बदल योगायोगाने लवकर घडला, तिथे त्या जिवाणूची प्रजा बशीत पडण्याआधीच वाढून बसली होती. हे आकडे प्रयोग फसल्याचे समजून कोणी टाकून दिले असते, तर एक मोठा शोध मोरीत गेला असता.

मोजण्यातली चूक की वस्तूचा स्वभाव, या प्रश्नावर आपल्या पुण्यातही एक गाजलेला वाद झाला. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये दारिद्र्याचे माप ठरवताना माणशी रोज 2,250 उष्मांकांची किमान गरज धरली होती. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचे काम करून पुण्यात परतलेले पां. वा. सुखात्मे यांचे म्हणणे असे की, निरोगी माणसाची उष्मांकांची गरज त्याच कामासाठीही आठवड्या-आठवड्याला कमीजास्त होते. म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणाऱ्या प्रत्येकाला उपाशी मोजणे चूक आहे, आणि कुपोषणाची रेषा सरासरीच्या बरीच खाली, प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात त्या मापाच्या) दुपटीने खाली, आखली पाहिजे. असे केले की कुपोषितांची संख्या एकदम घटते. यावर साहजिक उत्तर असे की, असे चढउतार काही आठवड्यांच्या सरासरीत जिरून जातील. सुखात्म्यांचा मुद्दा त्याच्या पुढचा होता : हे चढउतार नाण्याच्या फेकीसारखे सुटे नसून आजची स्थिती उद्याच्या स्थितीशी जोडलेली असते, त्यामुळे ते सहजी जिरत नाहीत. दांडेकरांसह अनेकांनी हे अमान्य केले. माणसाचे खाणे बदलते म्हणून त्याची गरजही तेवढीच बदलते असे सिद्ध होत नाही, हा टीकेचा गाभा होता. मला स्वतःला टीकाकारांची बाजू अधिक पटते, कारण हाताशी नाही म्हणून कमी खाणारा आणि भूक नाही म्हणून कमी खाणारा या दोघांचा आकडा वहीत एकच पडतो. तरीही चढउताराला चूक समजून बाजूला न सारता त्यालाच प्रश्न विचारण्याचे श्रेय सुखात्म्यांना दिलेच पाहिजे.

प्रश्न (नारायणगावच्या एका वाचकाकडून) : आमच्याजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला मोबाईलचा त्रास होतो म्हणतात. नॉईज सरासरीने दबत असेल, तर मग हा त्रास का होतो?

उत्तर : कारण तो या अर्थाने नॉईज नव्हेच. खोडदच्या दुर्बिणीत प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. आकाशातून येणारी रेडिओलहर इतकी क्षीण असते की अँटेनाच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक्सचा गोंगाट तिच्याहून कितीतरी मोठा असतो, आणि गंमत म्हणजे ती लहरही गोंगाटासारखीच असते. दोघांतला फरक असा की, आकाशातला गोंगाट सगळ्या अँटेनांना सामाईक असतो आणि इलेक्ट्रॉनिक्सचा ज्याचा त्याचा. दोन अँटेनांचे संकेत एकमेकांशी गुणून बराच वेळ सरासरी घेतली की ज्याचे त्याचे जिरते आणि सामाईक ते उरते. जवळच्या मोबाईलचा, वाहनातल्या ठिणगीचा किंवा सैल वीजजोडणीचा संकेत अनेक अँटेनांना एकदमच ऐकू जाऊ शकतो, म्हणून या चाळणीनेही तो काढून टाकता येत नाही.

हीच युक्ती जीवशास्त्रज्ञ एलोविट्झ आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये एका जिवाणूत वापरली. एकाच पेशीत त्यांनी सारख्याच नियंत्रणाखालची दोन जनुके घातली. ती दोन निराळ्या रंगांची चमकणारी प्रथिने तयार करत. दोन्ही रंग एकदम कमीजास्त झाले तर कारण पेशीच्या एकूण स्थितीत. एक वाढून दुसरा घटला तर कारण त्या जनुकाच्या स्वतःच्या योगायोगात. पेशीत काही रेणू मोजकेच असल्यामुळे असे योगायोग तिथे चांगलेच जाणवतात.

प्रश्न (सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीच्या सचिवांकडून) : आमच्या चौकात तीन महिने एकही अपघात नव्हता आणि गेल्या महिन्यात तीन झाले. गतिरोधकासाठी अर्ज करावा का?

उत्तर : संख्याशास्त्रज्ञ बोर्टकीविच यांनी 1898 मध्ये प्रशियाच्या (तेव्हाच्या एका जर्मन राज्याच्या) सैन्यात घोड्याच्या लाथेने झालेल्या मृत्यूंचा हिशेब प्रसिद्ध केला. दहा दळांची वीस वर्षे, म्हणजे दोनशे नोंदी, आणि एकूण मृत्यू 122. त्यांपैकी 109 नोंदींत एकही मृत्यू नव्हता, 65 मध्ये एक, 22 मध्ये दोन, तीन नोंदींत तीन आणि एका नोंदीत चार. चार मृत्यूंच्या त्या वर्षी घोडे बिथरले होते असे मानण्याचे कारण नाही, कारण केवळ योगायोगाने जी वाटणी व्हावी तिच्याशी ही वाटणी उत्तम जुळते. आपल्या चौकातले तीन अपघातही असेच एकत्र आलेले असू शकतात. शिवाय अपघात वाढलेले असतानाच गतिरोधक बसवला, तर पुढच्या महिन्यात ते एरवीही बहुधा घटलेच असते आणि श्रेय मात्र गतिरोधकाला मिळेल. म्हणून आधी दोन-तीन वर्षांच्या नोंदी मिळवाव्यात आणि मगच अर्ज लिहावा. चौकात खड्डा असेल किंवा रस्त्यावरचा दिवा बंद असेल, तर मात्र त्यासाठी नोंदींची वाट पाहत बसू नये.