कांदा नाकाला लावला, पण छाती कुणी दाबली नाही

प्रश्न : आमचा अक्कलकोट रोडला यंत्रमागाचा कारखाना आहे. मागच्या उन्हाळ्यात एक कामगार मागावर उभ्या उभ्याच कोसळला. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी तोंडावर पाणी मारलं, घोरल्यासारखा श्वास चालू होता म्हणून आम्हाला वाटलं चक्कर असेल. रिक्षात घालून नेलं पण दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. छाती दाबली असती तर वाचला असता का? आणि बरगडी मोडली, केस झाली तर?

उत्तर : वाचलाच असता असं नाही सांगता येणार, पण चान्स नक्की वाढला असता. मनाला लावून घेऊ नका, तुम्हाला हे कुणी शिकवलंच नव्हतं.

ते घोरणं आहे ना, तिथंच सगळे फसतात. हृदय बंद पडल्यावरही माणूस थोडा वेळ आचके देतो, तो श्वास नव्हे. हाक मारून, खांदे हलवून हूं की चूं नाही आणि श्वास नाही किंवा असे आचके, तर नाडी शोधत बसू नका. एकानं १०८ लावून फोन स्पीकरवर ठेवायचा, दुसऱ्यानं लगेच छाती दाबायला सुरू करायचं, कारण ४ ते ६ मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते आणि तेवढी तर रिक्षा शोधण्यातच जातात.

खाटेवर नको, कडक जमिनीवर उताणं झोपवा. भाकरीचं पीठ मळताना तळव्याचा मनगटाकडचा जो भाग लावतो ना, तोच छातीच्या मधोमध ठेवायचा, वर दुसरा हात, कोपरं ताठ, आणि अंगाचा भार टाकून ५ ते ६ सेंटीमीटर दाबायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या, घाईत हेच राहतं. दर २ मिनिटांनी माणूस बदला, दमायला होतं बघा. बुडालेल्याला किंवा लहान मुलाला मात्र तोंडानं श्वासही लागतो, ते नीट शिकूनच घ्या.

बरगडी मोडते कधीकधी, पण ती जुळते. आणि जीव वाचवायला चांगल्या हेतूनं केलेल्या मदतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० चं संरक्षण आहे.

वाचून हात बसत नाही, सरावाच्या पुतळ्यावर दाबूनच कळतं. सिव्हिलला किंवा ओळखीच्या भूलतज्ज्ञाला विचारा, तासाभराचं काम आहे. प्रत्येक पाळीतले दोघं तरी शिकवा, रात्रपाळीचे आधी.