गोळी लागू पडत नाही, पुढे काय?

प्रश्न : माझ्या पत्नीला (वय ४१) नैराश्यासाठी एसिटालोप्रॅम १० मि.ग्रॅ. सुरू होऊन नऊ आठवडे झाले. झोप सुधारली, पण उदासी आणि थकवा तसाच आहे. नातेवाईक म्हणतात, गोळ्या बंद करा, नाहीतर शॉकपर्यंत जाल. काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : गोळी परस्पर बंद करू नका. अचानक सोडली की चक्कर, मळमळ, चिडचिड सुरू होते. मग त्रास आजाराचा की गोळी सोडल्याचा, हेच कळत नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या स्टार-डी अभ्यासातही पहिल्या औषधाने साधारण एकतृतीयांश रुग्णच पूर्ण बरे झाले होते. म्हणजे तुमचं दार बंद झालेलं नाही.

आधी रिकाम्या स्ट्रिप मोजा. आठवड्यात दोन-तीन गोळ्या चुकत असतील तर औषधाची खरी परीक्षा झालेलीच नाही. नियमित घेत असतील, तर डोस २० पर्यंत वाढवता येतो का, हे डॉक्टरांना विचारा. टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी), हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घ्या. थायरॉइड मंदावलं की थकवा अगदी नैराश्यासारखाच दिसतो. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगा : पूर्वी कधी चार-पाच दिवस झोप न घेताही भलताच उत्साह, बडबड, वारेमाप खर्च असं झालं होतं का? तो बायपोलर (कधी उदासी, कधी अतिउत्साह असा आजार) असू शकतो, आणि त्याचे उपचार वेगळे.

तरीही फरक नसेल तर औषध बदलतात किंवा जोड देतात. एरिपिप्रॅझोल अगदी कमी मात्रेत देतात. त्याने एका जागी बसवेनासं झालं तर लगेच कळवा. दुसरं जोड-औषध लिथियम : जुनं, पण भरवशाचं. त्याची रक्तपातळी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी तपासतात : रात्री नऊला गोळी, तर सकाळी नऊला रक्त, सकाळची गोळी त्यानंतर. लिथियम चालू असताना अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन स्वतःहून घेऊ नये, पातळी धोकादायक वाढते. जुलाब-उलट्या झाल्या तरी डॉक्टरांना फोन करा.

गोळ्यांच्या जोडीला सीबीटी हे विचारांची आणि वागण्याची पद्धत बदलायला शिकवणारं समुपदेशन जरूर घ्यावं. ब्रिटनमधल्या २०१३ च्या चाचणीत नुसत्या नेहमीच्या उपचारांवर सहा महिन्यांत २२ टक्के रुग्णांना ठळक फरक पडला. सीबीटी जोडल्यावर ४६ टक्क्यांना. आपल्याकडे हाच उपचार सर्वांत उशिरा सुचवला जातो, याची खंत वाटते.

आणखी एक उपचार म्हणजे आरटीएमएस. त्यात डोक्याबाहेरून चुंबकीय स्पंदनं देतात, भूल लागत नाही. पण आठवड्याला पाच दिवस, चार ते सहा आठवडे जावं लागतं. डोक्यात धातूची क्लिप किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र) असेल तर चालत नाही.

राहिला ‘शॉक’. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी (शॉकचं वैद्यकीय नाव) देताच येत नाही. अन्नपाणी सुटलं किंवा आत्महत्येचा धोका असला, तर त्याने लवकर गुण येतो. काही काळ विसरायला होतं, हे मात्र आधी समजून घ्या.

जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.