स्थानिक रेडिओला सरकारी पैसा : तुमचे प्रश्न

प्रश्न : सरकारच्या पैशावर चालणारं रेडिओ केंद्र सरकारविरुद्ध बोलेल तरी कसं?

खाल्ल्या मिठाला जागण्याची आपली रीत पाहता शंका रास्त आहे. पण पैसा कुणाचा, यापेक्षा तो कुणाच्या हातून आला, हे आधी बघावं. मंत्रालयाने मर्जीतल्या केंद्राला जाहिराती द्यायच्या आणि मर्जी फिरली की थांबवायच्या, ही सर्वांत वाईट पद्धत. दुर्दैवाने सर्वांत सोपीही. आयर्लंडमध्ये घरोघरी टीव्हीसाठी भरल्या जाणाऱ्या परवाना शुल्काचे ७ टक्के कायद्यानेच वेगळ्या निधीत जातात आणि नियामक संस्था कार्यक्रमांचे प्रस्ताव पाहून ते वाटते. मंत्र्याच्या रागालोभाला तिथे फारसा वाव उरत नाही.

अर्थात कायदा म्हणजे अमरपट्टा नव्हे. अमेरिकेने १९६७च्या कायद्याने सार्वजनिक प्रसारणासाठी महामंडळ उभारलं. राजकीय दबाव टाळण्यासाठी त्याची रक्कम दोन वर्षं आधी मंजूर करण्याची प्रथाही पाडली. जुलै २०२५मध्ये तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, अशी मंजूर झालेली सुमारे १.१ अब्ज डॉलरची रक्कमच परत घेतली आणि महिनाभरात महामंडळाने गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं.

आपल्याकडची गोष्ट आणखी वेगळी. सामुदायिक रेडिओला, म्हणजे एखादी संस्था आपल्या परिसरापुरता चालवते त्या केंद्राला, स्वतःच्या बातम्या देण्याची मुभाच नाही, आकाशवाणीच्या तेवढ्या जशाच्या तशा किंवा स्थानिक बोलीत अनुवादून ऐकवता येतात. इथे तोंड पैशाआधीच बंद झालेलं आहे!

प्रश्न : जाहिराती आणि श्रोत्यांच्या देणग्यांवर भागत नाही का?

मोठ्या शहरात भागतं. अमेरिकेच्या अलास्कातल्या विरळ वस्तीत नाही. तिथल्या काही केंद्रांचा निम्म्याहून जास्त खर्च वर सांगितलेल्या महामंडळाच्या पैशातून निघत होता. गंमत अशी की रक्कम परत घेणाऱ्यांचा राग होता एनपीआर या देशव्यापी सार्वजनिक रेडिओच्या बातम्यांवर. एनपीआरला थेट मिळणारा वाटा अगदी किरकोळ होता. घाव बसला तो वादळाचे इशारे देणाऱ्या छोट्या केंद्रांवर.

फ्रान्सने जाहिरातीचा विचार उलट्या बाजूने केला. एकूण उत्पन्नात जाहिरातींचा वाटा २० टक्क्यांहून कमी असेल, तरच केंद्राला तिथल्या निधीतून मदत मिळते. मला ही अट पटते. बाजार ज्यांना पोसतो, त्यांच्यासाठी करदात्याने खिशात हात का घालावा?

प्रश्न : मोबाइल असताना रेडिओ हवाच कशाला?

पुरात मोबाइलचे टॉवर बंद पडतात, म्हणून.

प्रश्न : आमच्या संस्थेला सामुदायिक रेडिओसाठी यंत्रसामग्रीचं अनुदान मिळू शकतं असं कळलं. अर्ज करावा का?

लगेच नको. केंद्र सरकारच्या योजनेचा भर ट्रान्समीटर, आवाज एकत्र करणारा मिक्सर अशा वस्तूंवर आहे. वस्तू एकदाच घ्यायच्या असतात. निवेदकांचं मानधन, वीजबिल आणि दुरुस्ती दर महिन्याला येतात. तासाला १२ मिनिटं जाहिराती घेता येतात खऱ्या, पण लहान गावात तेवढे जाहिरातदार आणायचे कुठून? ब्रिटनमध्ये सामुदायिक रेडिओसाठीचा सरकारी निधी हा व्यवस्थापन, निधीसंकलन, स्वयंसेवकांची जुळवाजुळव अशा कामांसाठी पैसे देतो, कारण केंद्रं बंद पडतात ती बहुधा तिथेच. आपल्याकडे ती सोय नसल्यामुळे पहिल्या तीन वर्षांच्या मानधनाचा आकडा आधी कागदावर मांडा. ती रक्कम कुठून येणार हे संस्थेच्या बैठकीत कुणालाच सांगता आलं नाही, तर यंदा अर्ज करू नका.