पुडी सापडली म्हणून मुलाला लगेच व्यसनमुक्ती केंद्रात टाकू नका

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मुलगा अकरावीत, सोळा वर्षांचा, दप्तरात गांजाची पुडी आणि गोगो पेपर (गांजा गुंडाळून ओढायचा कागद) सापडला. मिस्टर म्हणतात वयच तसं आहे, सुटेल आपोआप. भाऊ म्हणतो, उद्याच्या उद्या केंद्रात टाक. चार वर्षांपूर्वी आमच्या घरात हेच चाललं होतं, फक्त आमच्याकडे केंद्राचा हट्ट माझा होता. म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही, वकील नाही, बँकेत नोकरी करतो. औषधगोळ्यांबद्दल माझं काही ऐकू नका.

तुमचा खरा प्रश्न असा दिसतोय की याला व्यसन लागणारच का. तसं नाही. अमेरिकेतल्या अभ्यासांमधून एक आकडा नेहमी सांगतात: कधी ना कधी ओढणाऱ्यांपैकी साधारण 9 टक्के लोक त्यात अडकतात, पण विशीच्या आत सुरुवात केलेल्यांमध्ये सहातला एक. म्हणजे पाच सुटतात. आमचा मुलगा तो सहावा निघाला.

का निघाला, हे शोधायला मी फार उशिरा बसलो. पहिली नशा तर आम्हीच हसत हसत घरात आणली होती. आम्ही नाशिकचे. रंगपंचमीला रहाडीवरून (रंगाच्या पाण्याचा मोठा हौद) भिजून आल्यावर मावसभावाने त्याला थंडाईतून भांग पाजली, तेव्हा तो तेरा वर्षांचा. तासभर हसत सुटला होता आणि आम्ही मोबाइलवर व्हिडिओ काढत होतो. न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चला 1977 साली जन्मलेल्या मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केलाय. त्यात दिसलं की ज्यांना सुरुवातीलाच गांजा फार 'छान' लागला, तीच मुलं पुढे जास्त अडकली. हे वाचलं आणि तो व्हिडिओ आठवला.

बाकीचं सगळं डोळ्यांसमोरच होतं. चौथीपासून प्रगतिपुस्तकात 'लक्ष लागत नाही, जागेवर बसत नाही', आणि आम्ही म्हणायचो खोडकर आहे. नववीपासून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागा. मामाची दारू. आणि माझ्या खिशात कायम चुन्याची डबी. आपल्याकडे मुलं गांजा बहुतेक सिगारेटच्या तंबाखूत मिसळून ओढतात, म्हणजे निकोटिनची सवय सोबत फुकट लागते. ते सोडायला त्याला कुठल्या तोंडाने सांगणार होतो मी?

'रक्तातच असतं' असं तुमच्या सासूबाई म्हणतात ना, ते अर्धंच खरं. ऑस्ट्रेलियातल्या जुळ्यांच्या अभ्यासात, दोघांतल्या ज्याने सतरा वर्षांच्या आत ओढायला सुरुवात केली, त्याला पुढे दारूचा आणि इतर नशांचा त्रास जास्त झाला. आईबाप तेच, घर तेच. म्हणजे किती लवकर सुरू होतं यानेही फरक पडतो. म्हणून सोळाव्या वर्षीच कळलंय याला मी वाईट बातमी म्हणणार नाही. पण एक गोष्ट पहिल्यांदा विचारा: मित्रांबरोबर ओढतो की एकटा? झोप यावी म्हणून ओढतो का? आमचा गच्चीवर टाकीमागे एकटा बसायचा.

आता माझी चूक. कोणीतरी एका केंद्राचा नंबर दिला, फोन केला, समोरचा म्हणाला, 'साहेब, नव्वद दिवस, मुलगा नवा करून देतो.' पंचेचाळीस हजार आगाऊ भरले. रात्री साडेअकराला गाडी आली, चार माणसं उतरली. पोरगा हाफ पँटवर होता. त्याने दाराची कडी धरून ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, 'पप्पा, सांगा ना यांना.' मी हातात पावती घेऊन उभा होतो. काही सांगितलं नाही.

तिथे चाळिशीतले दारूवाले, ब्राउन शुगरवाले आणि हा, एकाच हॉलमध्ये. महिनाभर फोन बंद, भेट बंद. डॉक्टर 'येऊन जातात' म्हणायचे, मला एकदाही भेटले नाहीत. झोपेबद्दल, अभ्यासाबद्दल त्याला कोणी एक प्रश्न विचारला नाही. बहात्तराव्या दिवशी बायकोने हट्टाने परत आणला. घरी आल्यावर ताटाभोवती डावा हात आडवा धरून भराभर जेवायचा, आणि बाथरूमला जायच्या आधी आईला विचारायचा, 'जाऊ का?' तिसऱ्या आठवड्यात पुन्हा गांजा सुरू. सोबत झोपेच्या गोळ्यांची नावं शिकून आला होता. माझ्याशी वर्षभर धड बोलला नाही.

नंतर कळलं की 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात अल्पवयीन मुलाला दाखल करणं हा अगदी शेवटचा उपाय आहे. त्याला मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं आणि पालक किंवा त्यांनी नेमलेलं माणूस पूर्ण वेळ सोबत राहायचं, असं लिहिलंय. भावाला हे वाचून दाखवा. सगळी केंद्रं तशी असतात असं मी म्हणत नाही, पुण्यात मुक्तांगण 1986 पासून काम करतंय. पण जिथे घरातून उचलून न्यायची गाडी पाठवतात, तिथे पाय ठेवू नका.

पोलिसांची भीती घालवण्यासाठी: एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात 64ए कलम आहे. सेवन किंवा अल्प प्रमाण एवढाच मामला असेल आणि व्यसनी माणूस सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी स्वतःहून उपचार घेत असेल, तर खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते जाऊ शकतं. विकणाऱ्याला हे लागू नाही. नक्की काय ते वकिलाला विचारा.

आम्हाला उपयोग झाला तो सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचाराच्या ओपीडीचा. त्या मॅडमनी पहिली वीस मिनिटं गांजाचं नावही काढलं नाही, शाळेचं विचारलं. एकाग्रतेचा आजार लहानपणापासूनचा निघाला. 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर आहे, 14416 टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, आधी तिथे बोलून बघा.

सोडल्यावर पहिला आठवडा वाईट जातो: चिडचिड, जेवण नको, झोप नाही, भलतीसलती स्वप्नं. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक ओसरतं. तेव्हा 'नाटकं करतोस' म्हणू नका, मी म्हणालो होतो. आणि मेडिकलमधून लघवी तपासायची पट्टी आणून रोज पोरावर पाळत ठेवू नका. रोज ओढणाऱ्याची पट्टी सोडल्यानंतरही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. आमच्याकडे त्या पट्टीवरून दोन वेळा खोटा आळ आला आणि एकदा कपाटाची काच फुटली.

ओपीडीला जाताना जुनी प्रगतिपुस्तकं घेऊन जा, पहिलीपासूनची. केसपेपरची रांग मोठी असते, आठला पोहोचा, आणि मिस्टरांना सोबत न्याच. तंबाखू खात असतील तर डबी घरी ठेवून.