तारायानाची गोदी कुठे असावी?

प्रश्न : दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहिते आहे. 2009 च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात एंटरप्राइझ हे यान अमेरिकेतल्या आयोवात, चक्क जमिनीवर बांधताना दाखवलंय. भाऊ म्हणतो, एवढं मोठं यान कक्षेतच बांधायला हवं. माझं यान तीनशे मीटर लांब आहे. कुठे बांधू?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : भावाचं ऐका. सुटे भाग खाली करा, जोडणी मात्र वर. मी मुंबईच्या गोदीत बत्तीस वर्षं जहाजं बांधली. आम्हीही शेडमध्ये एकेक ब्लॉक तयार करायचो, पाइप-केबल शक्य तेवढे आधीच बसवायचो आणि मग क्रेनने उचलून ब्लॉकला ब्लॉक जोडायचो.

सुक्या गोदीत जहाज ठोकळ्यांवर बसलेलं असतं. पाणी आत सोडलं की त्याचा भार पाणी घेतं. तुमच्या यानाचा भार असा कोण घेणार? जमिनीवर बांधलंत तर त्याला आधी स्वतःचं वजन पेलावं लागेल आणि उड्डाणाच्या वेळी त्याच्या कितीतरी पट. त्या काही मिनिटांसाठी घातलेलं जाड पोलाद मग ताऱ्यांपर्यंत उगाच वाहायचं. मला हे अजिबात पटत नाही. तुमच्या कथेत गुरुत्वाकर्षण नाहीसं करणारं यंत्र असेल तर गोष्ट वेगळी, पण ते वाचकाला पहिल्याच पानावर सांगा.

आपलं एलव्हीएम-3 रॉकेट 640 टनांचं, आणि पृथ्वीजवळच्या कक्षेत नेतं सुमारे 8 टन. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक 400 टनांहून जड आहे, म्हणून 1998 पासून ते तुकड्यातुकड्यांनीच उभं राहिलं. 16 जानेवारी 2025 ला इस्रोने दोन छोटे उपग्रह कक्षेत एकमेकांना जोडले, तेव्हा मला आपल्या गोदीतला पहिला ब्लॉक बसल्यासारखं वाटलं.

वेल्डिंगचीही काळजी नको. 1969 मध्ये सोयुझ-6 यानात सोव्हिएत अंतराळवीरांनी ते करून पाहिलं आहे. इलेक्ट्रॉन किरणांच्या वेल्डिंगसाठी खाली पंप लावून जी निर्वात पोकळी करावी लागते, ती वर फुकट मिळते.

खरी अडचण उन्हाची. ऊन चढलं की जहाजाचा डेक तापून ताणतो, तळ थंडच राहतो आणि अख्खं जहाज किंचित वाकतं. डोळ्यांना दिसत नाही, मापात दिसतं. म्हणून शाफ्टची, म्हणजे जहाजाचा पंखा फिरवणाऱ्या लांब दांड्याची रेषा आम्ही पहाटे घ्यायचो. एकदा घाईत दहा वाजता घेतलेलं माप दुसऱ्या पहाटे जुळेना. सगळं काम पुन्हा करावं लागलं. 400 किलोमीटर उंचीवर तर यान दीड तासात पृथ्वीला फेरी मारतं. दिवसात सोळा सूर्योदय! उन्हातला पत्रा 120 अंशांपर्यंत तापतो आणि सावलीत शून्याखाली शंभराच्याही पार उतरतो. पहाट आहे म्हणेपर्यंत संपते. असा तीनशे मीटरचा सांगाडा सरळ कसा राहणार?

तेव्हा तुमच्या गोदीला छप्पर द्या. हवा कोंडायला नव्हे, सावलीसाठी. चकचकीत पातळ पडदा चालेल, वजनही फार नाही. चित्रांमध्ये उघड्या परांच्या दिसतात, त्या मला नेहमी खटकतात.

कथा तिथूनच सुरू करा ना : यानाचा एकही तुकडा अजून वर आलेला नाही आणि माणसं सावली ताणून बांधताहेत. अंक निघाला की मला नक्की पाठवा.