राक्षसाला राक्षसच राहू दे

प्रश्न : ताई, मी सोलापूरचीच, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एक कथा लिहायला घेतलीये, त्यात एका देवाची आणि असुराची दोस्ती आहे. मैत्रिणीला वाचून दाखवली तर म्हणाली, हे इंग्लिश सिरीजमधून ढापलंयस, आपल्याकडं देव राक्षसाला मारतो, विषय संपला. खरंच आपल्याकडं असं काही नाहीये का? आणि असुर वाचणाऱ्याला आवडावा म्हणून मी त्याला मूळचा शापित गंधर्व केलाय, चालेल ना?

उत्तर : मैत्रिणीला म्हणावं, चंपाषष्ठीला बाळे गावच्या खंडोबाला जातेस ना, मग मणी-मल्ल या असुरांची गोष्ट नीट ऐकलीच नाहीस. दोघं सख्खे भाऊ, दोघंही खंडोबाच्या हातून मेले, पण मणीनं मरताना आपला पांढरा घोडा देवाला दिला आणि मागितलं काय तर मला तुझ्याजवळ राहू दे, आणि मल्लानं शेवटपर्यंत माणसांचा नाशच मागितला, म्हणून त्याचं मुंडकं देवळाच्या पायरीशी आणि मणी देवाजवळ. आता याला दोस्ती म्हणायचं का? मी तर भक्ती म्हणेन, बरोबरीचं नातं नाहीये ते.

तुझ्या कामाची गोष्ट वेगळीच आहे, ती महाभारताच्या शल्यपर्वात सापडेल. नमुची नावाचा असुर इंद्राला घाबरून सूर्याच्या किरणांत लपला, तेव्हा इंद्रानं त्याच्याशी मैत्री केली आणि शब्द दिला की तुला ओल्यानं मारणार नाही, कोरड्यानं नाही, रात्री नाही की दिवसा नाही. मग एकदा दाट धुकं पडलं, ना धड दिवस ना रात्र, आणि इंद्रानं पाण्याच्या फेसानं त्याचं डोकं उडवलं. (वकिली डोकं बघ देवाचं!) पण ते तुटलेलं डोकंच इंद्राच्या मागं लागलं, मित्राला मारलंस रे पाप्या म्हणत, पुन्हा पुन्हा. शेवटी ब्रह्मदेवाच्या सांगण्यावरून इंद्रानं अरुणा नदीत अंघोळ केली तेव्हा कुठं त्याचं पाप फिटलं, आणि नमुचीचं डोकंही त्याच पाण्यात पडलं नि त्यालाही सद्गती मिळाली.

यात नमुची काही गुणाचा बाळ नाहीये, आणि तरी आपण त्याच्याच बाजूनं होतो, कारण त्यानं विश्वास ठेवला होता. तुझा शापित गंधर्व त्यासाठीच मला खटकतोय. तो आतून आधीच देवमाणूस असेल तर देवानं त्याच्याशी दोस्ती करण्यात कसली आलीय जोखीम, ती तर गल्लीतल्या दोन पोरांची दोस्ती झाली. शाप काढून टाक. त्याला खोटं बोलू दे, भूक लागली की वंगाळ वागू दे, आणि देवाला त्याच्यासाठी आपल्याच लोकांशी एकदा तरी खोटं बोलावं लागू दे.

देवगुरूचा मुलगा कच आणि असुरगुरूची मुलगी देवयानी यांची गोष्टही वाच म्हटलं असतं, पण ते प्रेमाकडं जातं, तुझा विषय दोस्तीचा.

आणि हो, दोघं एकमेकांना काय शब्द देतात ते तुझ्या पत्रात कुठंच नाहीये. आधी तेवढं ठरव, मग पुढची पानं पाठव.