पाकिटातून तंबाखूत शिरणारी चव: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळच्या बहुतेक पत्रांमध्ये एकच शंका आहे: तंबाखूच्या पदार्थाला चव त्यातल्या मालामुळे येते, की तो ज्यात बांधला आहे त्या वेष्टनामुळे? प्रश्न थोडे संक्षिप्त करून देत आहोत.

प्रश्न: मी पॅकेजिंगचा अभ्यास करतो. सिगारेटच्या तंबाखूला हात न लावता नुसत्या पाकिटातून पुदिन्याची चव देता येते, असं वाचलं. हे नेमकं कसं होतं? प्रयोगशाळेत पडताळून पाहता येईल का? – एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर: होतं, आणि ही पद्धत बरीच जुनी आहे. अमेरिकेतल्या ओहायोमध्ये लॉइड ह्यूजेस याने १९२५ मध्ये मेन्थॉलच्या, म्हणजे पुदिन्यातून मिळणाऱ्या गार चवीच्या द्रव्याच्या, सिगारेटचं पेटंट घेतलं. सर्दीसाठी हुंगायचे मेन्थॉलचे खडे आणि तंबाखू त्याने एकाच डब्यात ठेवले होते, त्यातून ही कल्पना निघाली, असं सांगितलं जातं. खड्यांनी तंबाखूला स्पर्श करण्याची गरज नव्हती, डबा बंद असणं पुरेसं होतं.

कारण मेन्थॉल साध्या तापमानालाही घन रूपातून हळूहळू वाफ होत राहतं. बंद जागेत ती वाफ जे जे शोषून घेईल त्यात मुरते. सिगारेटच्या पाकिटात शोषणारे तीन घटक असतात: तंबाखू, कागद आणि फिल्टर. त्यातला फिल्टर सगळ्यात हावरा. सेल्युलोज अॅसिटेटचे तंतू एकमेकांना धरून राहावेत म्हणून त्यावर ट्रायअॅसिटिन नावाचं द्रव मारलेलं असतं आणि मेन्थॉल त्यात सहज विरघळतं. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर तो आणखी ओढून घेतो.

उत्पादक मेन्थॉल चार ठिकाणी घालू शकतो. कापलेल्या तंबाखूवर अल्कोहोलमधून फवारा, फिल्टरमधला दोरा, फिल्टरमधली फुटणारी कॅप्सूल आणि पाकिटाच्या आतली चांदी, म्हणजे चकचकीत वेष्टन. चांदीवरच्या पद्धतीत पाकीट भरण्याच्या यंत्रावर, अगदी शेवटच्या टप्प्याला, मेन्थॉलचा थर दिला जातो. पाकीट बंद झाल्यावर काही दिवसांत ते कांड्यांमध्ये पसरतं, समतोल यायला दोन-तीन आठवडेही लागतात. कारखान्याच्या दृष्टीने मोठी सोय अशी की तंबाखू मिसळण्याचे पिंप, वाहक पट्टे, कांड्या वळण्याचं यंत्र यांना वास लागत नाही. एकदा लागला, तर त्यावर पुढे काढलेल्या साध्या मालातही तो उतरतो.

मेन्थॉलचं प्रमाण तंबाखूच्या वजनाच्या साधारण ०.१ ते १ टक्का असतं. एका कांडीत ०.६५ ग्रॅम तंबाखू आणि ०.३ टक्के मेन्थॉल धरलं, तर कांडीमागे जेमतेम २ मिलिग्रॅम आणि वीसच्या पाकिटात ४० मिलिग्रॅम. एवढंच चांदीवर बसवायचं असतं.

बिघाड कुठे होतात तेही पाहा, कारण परीक्षेत आणि नोकरीत तेच विचारतील. पहिला, असमान पसरणं: चांदीला लागून असलेल्या कांड्या जास्त घेतात, मधली रांग कमी. दुसरा, गळती. आतली चांदी म्हणजे जेमतेम ६ ते ७ मायक्रॉनचा अॅल्युमिनियमचा पापुद्रा कागदावर चिकटवलेला. नेहमीच्या पाकिटात ती फक्त दुमडलेली असते, सील केलेली नसते. खरी अडवणूक करते ती बाहेरची बीओपीपीची, म्हणजे ताणलेल्या पॉलिप्रोपिलीन प्लास्टिकची, पारदर्शक फिल्म, साधारण २० मायक्रॉनची. तिच्या टोकाकडच्या घड्यांमधून वाफ निसटते. तिसरा, तापमान. मेन्थॉल ४२ ते ४४ अंश सेल्सिअसला वितळतं. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात बंद टेम्पोतला माल हे तापमान सहज ओलांडतो. मग मेन्थॉल जागा बदलतं आणि गार झाल्यावर चांदीवर बारीक सुयांसारखे स्फटिक धरतात.

ही वाट फक्त बाष्प होणाऱ्या पदार्थांनाच खुली आहे, हे लक्षात ठेवा. सॅकरिन किंवा सुक्रालोजची वाफ होत नाही, त्यामुळे चांदीवर लावलेला गोडवा कांडीत पोचत नाही. म्हणून गोडी द्यायची असेल तेव्हा ती ओठांना लागणाऱ्या टोकाच्या कागदावर लावतात.

प्रयोगासाठी तंबाखू आणायची गरज नाही. सारख्या तोंडाच्या काचेच्या बाटल्या घ्या, प्रत्येकीत २ ग्रॅम मेन्थॉल टाका. एकीच्या तोंडावर एलडीपीई (पिशव्यांचं मऊ पॉलिथिन), दुसरीवर बीओपीपी, तिसरीवर पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक), चौथीवर फॉइलचं लॅमिनेट रबरी कडी आणि शिकंज्याने घट्ट बसवा. प्रत्येक फिल्मसाठी मेन्थॉल नसलेली एक जोडबाटली ठेवा, म्हणजे हवेतल्या दमटपणामुळे वजनात पडणारा फरक वजा करता येईल. सगळ्या बाटल्या ३५ अंशांवर ठेवा. ४० च्या वर नेऊ नका, खडे वितळले की आकडे निरुपयोगी. ०.१ मिलिग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर रोज एकाच वेळी वजन करा. पहिले काही दिवस मेन्थॉल फिल्ममध्ये मुरण्यात जातात, ते सोडून द्या. त्यानंतर घट सरळ रेषेत येते, तिचा उतार हा तुमचा निकाल. एलडीपीई सगळ्यात गळकं निघेल, फॉइलमध्ये काटा जवळजवळ हलणार नाही. हलला तर आधी शिकंजा तपासा, मग फॉइलमधली सूक्ष्म भोकं.

प्रश्न: माझं किराणा दुकान आहे. मेन्थॉलच्या सिगारेटचा वास शेजारच्या सुट्या चहाला लागतो. गिऱ्हाईक परत आणून देतं. उपाय सांगा. – एक दुकानदार, इचलकरंजी

उत्तर: कारण वर आलंच आहे. बीओपीपीतून निसटलेली वाफ तुमच्या चहाच्या पॉलिथिनच्या पिशवीतून आत जाते. पॉलिथिन ती अडवत नाही, उलट स्वतःत साठवून ठेवतं आणि कोरडी चहापत्ती वास झटकन धरते.

चहा फॉइलच्या पाकिटात किंवा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात हलवा. वास सोडणारा माल, म्हणजे मेन्थॉलच्या सिगारेट, कापूर, डांबराच्या गोळ्या, उदबत्ती, पेपरमिंट, वेगळ्या फळीवर आणि बंद पत्र्याच्या डब्यात ठेवा. ती फळी उन्हात किंवा फ्रिजच्या मागच्या गरम बाजूला नको. वास लागलेली प्लास्टिकची बरणी कितीही धुतली तरी वास सोडत राहते, कारण तो पृष्ठभागावर नसून आत मुरलेला असतो. ती बरणी खाण्याच्या वस्तूंसाठी बाद करा. वास लागलेला चहा ताटात पसरून ठेवला तर वास कमी होतो, जात नाही. तो चांगल्या चहात मिसळू नका, दोन्ही जातील.

आणखी एक. पाकीट फोडून एकेक सिगारेट किंवा विडी विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. हा नियम आम्हाला फार मोलाचा वाटतो. सुटी कांडी घेणाऱ्या मुलाच्या हातात पाकीट येतच नाही, त्यामुळे त्यावरच्या ८५ टक्के जागेतला इशारा त्याच्या नजरेला पडत नाही. अठरा वर्षांखालच्या कुणालाही तंबाखूचा पदार्थ विकणं हा तर गुन्हाच आहे.

प्रश्न: युरोपात मेन्थॉलच्या सिगारेटवर बंदी आहे. मग लंडनमध्ये पुदिन्याच्या वासाची कार्डं कशी विकली जातात? – एक वाचक, सध्या लंडन

उत्तर: कायदा नीट लिहिलेला आहे, तरी त्याच्या कडेला एक फट राहिली.

युरोपीय संघाच्या २०१४ च्या तंबाखू निर्देशाच्या सातव्या कलमात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, सिगारेट आणि हाताने वळायच्या तंबाखूला तंबाखूशिवाय दुसरी ठळक चव असू नये. मेन्थॉलला सवलत होती, ती २० मे २०२० ला संपली. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: फिल्टर, कागद, पाकीट, कॅप्सूल यांपैकी कोणत्याही भागात चवीचं द्रव्य असता कामा नये. पाकिटाचा असा नावानिशी उल्लेख करावा लागला, कारण तो नसता तर 'आमच्या तंबाखूत काहीच घातलेलं नाही' असं सांगून चांदीला मेन्थॉल लावणं चालूच राहिलं असतं. चव 'ठळक' आहे की नाही, यावर वाद झाला तर हुंगून-चाखून परीक्षा करणारं प्रशिक्षित मंडळ आणि रासायनिक विश्लेषण यांचा आधार घेतात. पाकिटात चवीचं द्रव्य सापडलं, तर त्या वादात शिरावंच लागत नाही.

ब्रिटनने हे नियम २०१६ मध्ये आपल्या कायद्यात घेतले आणि संघाबाहेर पडल्यावरही ठेवले. तुम्ही म्हणता ती कार्डं मात्र सिगारेटसोबत येत नाहीत, वेगळी विकली जातात. गिऱ्हाईक साधं पाकीट घेतं, कार्ड त्यात सरकवतं आणि झाकण तासभर बंद ठेवतं. ह्यूजेसच्या डब्यात जे घडलं तेच इथे घडतं, फक्त हे काम आता कारखान्याऐवजी ग्राहक करतो. कार्डात तंबाखू नाही, म्हणून ते तंबाखूचा पदार्थ ठरत नाही. तंबाखूला चव देण्यासाठीच विकली जाणारी प्रत्येक वस्तू, मग ती वेगळी का असेना, कायद्याने कवेत घ्यायला हवी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

भारतात २००३ च्या सिगारेट व इतर तंबाखू उत्पादने कायद्यात चवीवर बंदी नाही. त्यामुळे मेन्थॉलच्या आणि कॅप्सूलच्या सिगारेटी इथे उघड विकल्या जातात. आणि मेन्थॉल देणारा जपानी पुदिना जगात सर्वाधिक पिकतो तो आपल्याच उत्तर प्रदेशात, बाराबंकी, संभल, रामपूरच्या पट्ट्यात.

प्रश्न: आमच्या गावात पानमसाल्याची पुडी आणि तंबाखूची पुडी जोडीने देतात. मुलं म्हणतात, पहिली पुडी बिनतंबाखूची, म्हणून चालते. त्यांना काय सांगावं? – एक शिक्षिका, गडचिरोली जिल्हा

उत्तर: बाई, ही जोडपुडी म्हणजे कायद्यातून काढलेली पळवाट आहे. अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन घालता येणार नाही, असा नियम २०११ मध्ये केंद्राने केला. त्याच्या आधारे महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली. पुढच्या आदेशांत सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, खर्रा आणि मावाही आले. देशभर अशा बंद्या येऊ लागल्या तेव्हा उत्पादकांनी गुटख्याचे दोन भाग केले. केवडा, वेलची, मेन्थॉल, गोडवा, सुपारी, कात एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत. दोन्ही एकत्र केले की पुन्हा गुटखाच. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये या जोडविक्रीची दखल घेऊन बंदी नीट राबवायला राज्यांना सांगितलं. आपल्या राज्यात तर पहिली पुडीही बंदीतच येते, त्यामुळे 'चालते' हे मुळातच खोटं आहे. तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयाकडे करा. पुडीवरचा बॅच क्रमांक आणि उत्पादकाचा पत्ता टिपून घ्या, रिकामी पुडी जपून ठेवा.

मुलांना दोन गोष्टी सांगा. पहिली, सुपारी तंबाखूशिवायही कर्करोग करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तिला पहिल्या गटात, म्हणजे खात्रीच्या कारणांत, घातलं आहे. दुसरी गोष्ट वर्गातच करून दाखवण्यासारखी आहे. प्रत्येकाने स्वतःची मधली तीन बोटं जोडून उभी धरावीत आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहावीत. ती जात नसतील, तिखट खाल्ल्यावर तोंडात आग होत असेल किंवा गालाची आतली बाजू पांढुरकी, ताठर लागत असेल, तर पालकांना सांगून लगेच दंतवैद्याकडे पाठवा. सुपारीमुळे तोंडाच्या आतल्या त्वचेखाली कठीण तंतू वाढत जातात आणि तोंड उघडणं कमी होतं. आकसलेलं तोंड पूर्ववत होणं अवघड असतं. ज्या दिवशी सुपारी सुटते त्या दिवसापासून निदान पुढचं नुकसान मंदावतं, म्हणून लवकर पकडणं महत्त्वाचं.

प्रश्न: कॅप्सूलची सिगारेट घशाला लागत नाही. ती कमी घातक असते ना? – एक वाचक, पनवेल

उत्तर: नाही. मेन्थॉल तोंडातल्या आणि घशातल्या थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना जागं करतं, म्हणून धूर गार आणि मऊ वाटतो. निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड होते तिथेच असतात. घशाची जळजळ ही शरीराने दिलेली सूचना असते, मेन्थॉल तीच दाबतं. नवशिक्या मुलांना पहिले झुरके सोपे जातात ते यामुळेच.

प्रश्न: मग सिगारेट सोडण्याच्या निकोटीन गमला पुदिन्याची चव कशी चालते? – तेच वाचक

उत्तर: निकोटीन कडू आणि झोंबरं असतं, चवीशिवाय कुणी गम तोंडात ठेवणार नाही. इथे मात्र मात्रा ठरलेली असते, धूर नसतो आणि काही महिन्यांत थांबायचं असतं. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅम, नाहीतर २ मिलिग्रॅम. ४ मिलिग्रॅमची गोष्ट डॉक्टरांना विचारून ठरवा, गरोदरपण किंवा हृदयविकार असेल तर कोणतीही.

बहुतेकांचा गम फसतो तो चघळण्याच्या पद्धतीमुळे. साध्या च्युइंगमसारखा सतत चावला की निकोटीन लाळेसोबत पोटात जातं, उचकी आणि मळमळ होते, तलफ मात्र तशीच राहते. सावकाश चावा, झणझणीत चव आली की थांबा आणि गम गाल व हिरडीच्या मध्ये ठेवून द्या. चव ओसरली की पुन्हा चावा, जागा बदला. असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत नको, आंबट द्रवामुळे निकोटीन गालातून शोषलं जात नाही. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, मग अंतर वाढवत न्या. गम पट्टीतून आधीच सोलून डबीत भरून ठेवू नका, चवीमुळे लहान मुलं गोळी समजून खातात. मोफत सल्ल्यासाठी राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी १८००-११-२३५६ आहे. हाच क्रमांक पाकिटावरच्या इशाऱ्यातही छापलेला असतो.